नवोदित गायक-वादकांसाठी स्वतंत्र रेकॉर्ड लेबल कसे चालवावे

काही महिन्यांपूर्वी एक तरुण गायिका भेटायला आली होती. तिचे पहिले गाणे दोन वर्षांपूर्वी निघाले होते, ओळखीच्यांनी कौतुकही केले होते आणि त्यानंतर सारे थांबले होते. दुसऱ्या गाण्यासाठी पैसे उरले नव्हते, पहिल्या गाण्याच्या मूळ फाइल कोणाच्या संगणकात आहेत हे तिला ठाऊक नव्हते आणि चाल बांधणारा मित्र स्वतःचे नाव कुठेच न आल्यामुळे तिच्याशी बोलेनासा झाला होता. अशी माणसे मला वरचेवर भेटतात. आज कोणताही गायक घरबसल्या आपले गाणे सगळ्या स्ट्रीमिंग सेवांवर चढवू शकतो, त्यामुळे पहिले गाणे निघणे आता अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते दुसरे आणि तिसरे गाणे, आणि तिथपर्यंत कलाकाराच्या सोबत टिकून राहणे हेच छोट्या लेबलचे, म्हणजे गाणी काढणाऱ्या छोट्या कंपनीचे, खरे काम आहे, असे मी मानतो. निवड, करार, खर्च आणि प्रकाशन यांविषयी पुढे जे लिहिले आहे, ते सगळे याच कसोटीवर तपासून लिहिले आहे.

हे काम आपल्याकडे नवे नाही. मुंबईत १९३५ साली 'यंग इंडिया' या नावाने तबकड्या निघू लागल्या, तेव्हा बाजारावर एचएमव्हीचा पगडा होता. यंग इंडियाने मोठ्या नावांच्या मागे न लागता नव्या आणि हौशी कलाकारांना ध्वनिमुद्रणाची संधी दिली आणि सुमारे वीस वर्षे काम केले. कॅसेटच्या काळात पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने दुकान आणि प्रकाशन एकाच छताखाली चालवून शास्त्रीय संगीताचा जाणकार श्रोता जोडला. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये अंडरस्कोर रेकॉर्ड्स सुरू केले, त्यात ध्वनिमुद्रणाचे हक्क कलाकाराकडेच राहतील अशी व्यवस्था केली. दिल्लीच्या आझादी रेकॉर्ड्सने २०१७ पासून हिप-हॉपवर लक्ष एकवटले. या सगळ्यांनी आधी आपले शेत आखून घेतले आणि मग तेवढेच नीट कसले, हे लक्षात घ्यावे. "आम्ही सर्व प्रकारचे संगीत काढतो" असे सांगणाऱ्या नव्या लेबलकडून कोणी काहीच अपेक्षा करत नाही.

कोणाला घ्यावे

मोबाइलवर आलेला डेमो ऐकून निर्णय घेऊ नये. त्या माणसाला प्रत्यक्ष गाताना किंवा वाजवताना ऐकावे, आणि शक्य असल्यास जिथे लोक मुद्दाम त्याला ऐकायला आलेले नाहीत अशा ठिकाणी ऐकावे. विद्यापीठांचे युवा महोत्सव, पुण्यातील फिरोदिया करंडकासारख्या स्पर्धा, गणेशोत्सवातील मंडळांचे कार्यक्रम, गावोगावचे हरिनाम सप्ताह आणि भजनस्पर्धा या आपल्याकडच्या उत्तम निवडीच्या जागा आहेत. सप्ताहात पहाटेच्या काकड्याला चाल धरणारा एखादा टाळकरी माइकशिवाय मंडप भरून टाकतो, आणि त्याला आपण गायक आहोत हेही कोणी सांगितलेले नसते.

ऐकल्यानंतर तीन प्रश्न विचारावेत. स्वतःची किंवा आपल्या गटाची किमान पाच-सहा गाणी तयार आहेत का? पुढची दोन वर्षे हे काम करण्याइतका वेळ आणि घरचा पाठिंबा आहे का? आणि शब्द, चाल व संगीतसंयोजन यांतले नेमके काय कोणी केले, हे तो न अडखळता सांगू शकतो का? तिसऱ्या प्रश्नावर जो इतरांची नावे आपणहून घेतो, त्याच्यासोबत काम करणे सोपे जाते. मी तरी याच प्रश्नाच्या उत्तरावर सर्वांत जास्त विसंबतो.

सुरुवातीच्या वर्षी दोन किंवा तीन कलाकारच घ्यावेत. एका कलाकाराची तीन गाणी दहा-बारा महिन्यांत नीट काढणे हे दोन माणसांच्या लेबलला पुरून उरेल एवढे काम असते. दहा जणांचे एकेक गाणे काढले, तर दहाही जणांना आपण मध्येच सोडून दिल्यासारखे होते. नकार द्यायचा असेल तर तो पंधरवड्याच्या आत, कारण सांगून आणि लेखी द्यावा. नवा कलाकार महिनोन्‌महिने उत्तराची वाट पाहत असतो.

कागदावर काय असावे

येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक भांडणे इथूनच उगवतात.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार एका गाण्यात निदान तीन स्वतंत्र हक्क असतात. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा हक्क संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क त्या ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन आणि जबाबदारी पत्करून ते करवले त्याचा. याखेरीज गायक आणि वादक यांना सादरकर्ते म्हणून वेगळे हक्क आहेत. शब्द आणि चाल यांचे संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते, ध्वनिमुद्रणाचे प्रकाशनानंतर ६० वर्षे आणि सादरकर्त्याचे ५० वर्षे. कलाकाराने घरीच स्वतःच्या खर्चाने गाणे मुद्रित केले असेल, तर त्याचा निर्माता तोच असतो आणि लेबलने केवळ ते प्रकाशित केल्याने त्यात बदल होत नाही. स्टुडिओचे पैसे लेबल भरणार असेल, तर ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचे राहील हे पहिल्या टेकच्या आधी लिहून ठेवावे.

माझा स्पष्ट सल्ला असा आहे की नवोदित कलाकाराकडून मालकी लिहून घेऊ नये. ठरावीक मुदतीचा परवाना घ्यावा. पाच ते सात वर्षांची मुदत लेबलला खर्च वसूल करण्यासाठी पुरेशी ठरते आणि त्यानंतर ध्वनिमुद्रण कलाकाराकडे परत जाते. कायद्यातील काही तरतुदी इथे पाठ असाव्यात. हक्कांचे हस्तांतरण आणि परवाना दोन्ही लेखी हवेत. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच करार धरला जातो, आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, तो आपोआप सुटतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येऊ नये अशी व्यवस्था केली आहे. त्यामुळे "सर्व हक्क कायमचे" अशी ओळ असलेला नमुना कोठून तरी उतरवून घेतला, तर तो कलाकाराला घाबरवण्यापलीकडे फारसे काही करत नाही.

करार मराठीत लिहावा. वकिलाला इंग्रजी मसुदा सोयीचा वाटतो हे खरे, पण ज्याची सही घ्यायची त्याला प्रत्येक ओळ समजली पाहिजे. आमच्याकडे करार मुद्रांकावर करण्यापूर्वी त्याची साधी प्रत कलाकाराला आठवडाभर घरी नेऊ देतो. एकदा एका ढोलकीवादकाच्या वडिलांनी, जे आयुष्यभर सोसायटीच्या खतावण्या लिहीत आले होते, पेन्सिलीने समासात "निव्वळ म्हणजे कशातून काय वजा जाता?" असे विचारले. त्या एका प्रश्नामुळे आमच्या कराराला खर्चाची यादी जोडली गेली आणि ती आजतागायत प्रत्येक कराराला जोडलेली असते.

सोबतच्या वादकांचे काय? ढोलकी, संबळ, बासरी, गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवशीचे मानधन द्यावे आणि एका पानाचे संमतिपत्र सही करून घ्यावे, ज्यात गाण्याचे नाव, तारीख, दिलेली रक्कम आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव कसे छापायचे हे लिहिलेले असेल. संगणकावर तयार मिळणारे बीट किंवा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे वाद्यांचे तयार तुकडे) वापरले असतील, तर त्यांच्या परवान्याची प्रतही त्याच फाइलमध्ये ठेवावी.

जुन्या रचनांबाबत मराठी कलाकार हमखास एका जागी फसतात. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे, त्याचे शब्द घेण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. परंतु आपल्या कानांत बसलेली त्या अभंगाची चाल गेल्या शतकातील एखाद्या संगीतकाराने बांधलेली असेल, तर ती चाल त्याच्या पश्चात ६० वर्षे संरक्षित असते. अभंग घ्यावा आणि चाल स्वतः बांधावी, हा सोपा मार्ग आहे; परंपरेने चालत आलेली, कोणाच्याही नावावर नसलेली वारकरी चाल घेतली तरी चालते. कवितांचेही गणित असेच आहे. बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या कविता आता खुल्या आहेत. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणून त्यांचे शब्द २०३७ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत, तर कुसुमाग्रजांचे २०५९ च्या अखेरपर्यंत. दुसऱ्याचे गाजलेले गाणे नव्याने गाऊन काढण्यासाठी कायद्यात वेगळी वाट आहे, पण मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षे जावी लागतात, हक्कधारकाला आधी कळवावे लागते आणि दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. छोट्या लेबलने या वाटेला जाऊ नये.

पैसा आणि वही

लेबलची नोंदणी फार अवघड नसते. एकट्याने चालवायचे असेल तर एकल मालकी, दोघे-तिघे असतील तर भागीदारी किंवा एलएलपी (भागीदारांची जबाबदारी मर्यादित ठेवणारी भागीदारी) करावी. गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी), उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी आणि लेबलच्या नावाचे चालू खाते एवढ्यावर काम सुरू होते. नावाचा ट्रेडमार्क करताना ध्वनिमुद्रित वस्तूंसाठी वर्ग ९ आणि मनोरंजनसेवेसाठी वर्ग ४१ असे दोन अर्ज करावेत. जीएसटी आणि रॉयल्टीवरील करकपात यांबाबत सुरुवातीलाच सीएशी एकदा बसावे. संगीतकाराकडून हक्क घेणाऱ्या कंपनीवर काही बाबतीत उलट पद्धतीने, म्हणजे हक्क देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, जीएसटी भरण्याची जबाबदारी येते आणि हे अनेकांना उशिरा कळते.

आता खर्चवसुली. समजा एका गाण्याला स्टुडिओ, वादक, मिक्सिंग (सगळे ट्रॅक एकत्र जुळवणे), मास्टरिंग (जुळवलेल्या गाण्यावरचा शेवटचा हात) आणि छायाचित्र मिळून ४०,००० रुपये खर्च आला आणि पहिल्या वर्षी सर्व सेवांमधून १२,००० रुपये आले. आलेले सगळे पैसे आधी खर्चात वळते करायचे असे ठरले असेल, तर कलाकाराला तीन-साडेतीन वर्षे एक रुपयाही मिळणार नाही आणि तोवर तो तुमच्याकडून निघून गेलेला असेल. म्हणून आम्ही पहिल्या रुपयापासून वाटणी करतो. आलेल्या रकमेतील ३० टक्के कलाकाराला लगेच, ७० टक्के खर्चात, आणि खर्च फिटल्यावर निम्मे-निम्मे. वरील उदाहरणात कलाकाराच्या हाती पहिल्याच वर्षी ३,६०० रुपये पडतात. ही रक्कम मोठी नाही, पण गाण्यातून आलेले पैसे घरी दाखवता येणे ही गोष्ट घरच्यांचे मत बदलते, आणि दुसऱ्या गाण्याचा रियाज अनेकदा त्या मतावर अवलंबून असतो.

खर्चात काय धरायचे याची कमाल मर्यादा करारातच असावी. लेबलच्या कार्यालयाचे भाडे, तुमचा प्रवास, चहापाणी हे कलाकाराच्या खात्यात टाकू नये. कलाकाराच्या सुपाऱ्यांच्या बिदागीतही वाटा मागू नये. कार्यक्रम तुम्ही स्वतः मिळवून दिला असेल तर १० ते १५ टक्के घेणे रास्त आहे.

एवढे लक्षात ठेवावे की स्ट्रीमिंगवर छोट्या लेबलचे पोट भरत नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याला मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेल्याशिवाय पैसेच मिळत नाहीत. त्यामुळे इतर वाटा उघड्या ठेवाव्या लागतात. गीतकार आणि संगीतकारांनी आयपीआरएसचे सदस्य व्हावे. १९६९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था त्यांच्या रचना वाजवल्या गेल्याबद्दलची रॉयल्टी गोळा करते. गायकांसाठी २०१३ मध्ये इस्रा ही संस्था स्थापन झाली, तिचेच नाव आता इसामरा आहे. हे अर्ज कलाकार स्वतः भरत नाहीत, असा माझा अनुभव आहे. लेबलने त्यांना शेजारी बसवून ते भरून घ्यावेत. याशिवाय मोबाइल कंपन्यांच्या कॉलर ट्यून, माहितीपटांना आणि जाहिरातींना दिलेले परवाने आणि कार्यक्रमांतील विक्री यांतून थोडे थोडे येत राहते.

ध्वनिमुद्रण

मोठ्या स्टुडिओत एक दिवस घालवण्यापेक्षा छोट्या, नीट बंदिस्त खोलीत चार दिवस घालवावेत. नव्या गायकाला हेडफोन लावून स्वतःचा आवाज ऐकण्याचीच सवय नसते, आणि पहिला दिवस बहुधा त्यातच जातो.

आपल्या वाद्यांबाबत अभियंत्याला आधी सांगून ठेवावे लागते. एकदा आम्ही संबळ मुद्रित करत होतो. अभियंता चांगला होता, पण त्याने ड्रमसेटच्या सवयीने एकच माइक वरून लावला. ऐकताना लहान संबळीचा कडक बोल कानाला टोचत होता आणि मोठीचा घुमारा कुठेच नव्हता. वादक बराच वेळ गप्प होता. मग त्याने उठून स्वतःच्या हाताने माइक खाली घेतला, मोठ्या संबळीच्या पानापासून वीतभर अंतरावर तिरका धरला आणि म्हणाला, "इथं पोट आहे तिचं." आम्ही दुसरा माइक लहान संबळीसाठी थोडा दूर ठेवला, दोन्ही वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतले आणि पुढच्या टेकमध्ये गोंधळाच्या रात्री जसा संबळ अंगावर येतो तसा तो आला. वाद्याचा आवाज कुठून निघतो हे वाजवणाऱ्याला विचारायचे असते, हे मी त्या दिवशी शिकलो.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. मुद्रण किमान २४ बिटवर करावे आणि अंतिम गाणे डब्ल्यूएव्ही स्वरूपात घ्यावे. मास्टरिंग करताना आवाज उगाच दाबून वाढवू नये, कारण स्पॉटिफाय सर्व गाणी सर्वसाधारणपणे उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारी आवाजाची तीव्रता मोजण्याचे एकक) या पातळीला आणून ऐकवते आणि दाबलेले गाणे तिथे फिकेच वाटते. गाण्यासोबत शब्दांविना आवृत्तीही काढून ठेवावी, ती कार्यक्रमात आणि चित्रफितींसाठी उपयोगी पडते. प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर ठेवावा आणि एक डिस्क दुसऱ्याच घरात असावी.

प्रकाशनापूर्वीचे आठ आठवडे

गाणे तयार झाले की ते लगेच चढवावे असे वाटते. तसे करू नये. तयार गाण्यापासून प्रकाशनापर्यंत आठ आठवडे ठेवावेत. पहिल्या पंधरवड्यात माहिती भरण्याचे काम करावे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो. भारतात तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेकडून मिळतो, किंवा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग सेवांपर्यंत पोहोचवणारी कंपनी, आपल्याकडचा देतो. लेबलने स्वतःचा घ्यावा आणि कोणत्या गाण्याला कोणता क्रमांक दिला याची वही ठेवावी.

नावाचे लेखन एकदाच ठरवावे आणि ते कायम ठेवावे. आमच्या एका गायकाच्या आडनावाचे रोमन लेखन पहिल्या गाण्यात एक आणि दुसऱ्यात वेगळे गेले. त्यामुळे त्याची दोन वेगवेगळी पाने तयार झाली, श्रोते विभागले गेले आणि ते जुळवण्यात दोन महिने गेले. चूक सर्वस्वी आमची होती. गाण्याची भाषा निवडतानाही लक्ष द्यावे. यादीत हिंदी आधी दिसते म्हणून तीच निवडली गेली, तर गाणे मराठी श्रोत्यापर्यंत पोहोचण्याची एक वाट आपणच बंद करतो. गीतकार, संगीतकार, संयोजक आणि प्रत्येक वादक यांची नावे भरावीत. मुखपृष्ठ ३००० × ३००० पिक्सेलचे असावे आणि त्यावरील देवनागरी अक्षरे मोबाइलच्या छोट्या चौकोनातही वाचता यावीत.

डिस्ट्रिब्युटरकडे गाणे निदान चार आठवडे आधी द्यावे. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे सुचवायचे असेल तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी कलाकाराच्या खात्यातून सुचवावे लागते, मात्र दोन-तीन आठवडे आधी सुचवलेले बरे. यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे आपले ध्वनिमुद्रण इतरांच्या चित्रफितींत आले तर ते ओळखणाऱ्या यंत्रणेत, गाणे नोंदवण्यापूर्वी त्यात कोणतेही सार्वत्रिक लूप नाही याची खात्री करावी. तेच लूप वापरलेल्या इतरांच्या गाण्यांवर आपला दावा लागतो किंवा त्यांचा आपल्यावर, आणि दोन्ही निस्तरताना नाकी नऊ येतात.

पैसे घेऊन ऐकण्याचे आकडे वाढवून देणारे लोक प्रकाशनाच्या दिवशीच संपर्क साधतात. त्यांना ठामपणे नकार द्यावा. बनावट आकडे पकडले गेले की गाणे उतरवले जाते, काही सेवा त्याबद्दल डिस्ट्रिब्युटरकडून दंडही वसूल करतात, आणि तो शेवटी तुमच्या खात्यातून जातो. त्याहून वाईट म्हणजे कलाकाराला आपले खरे श्रोते कोण आणि कुठे आहेत हे कधीच कळत नाही.

तारीख निवडताना पंचांग समोर ठेवावे. गणपतीची गाणी उत्सवाच्या दीड-दोन महिने आधी डिस्ट्रिब्युटरकडे गेली पाहिजेत, कारण ढोलताशा पथके आणि मंडळे आपली यादी आधीच ठरवतात. अभंग असेल तर वारी प्रस्थान ठेवण्यापूर्वी बाहेर यावा. याउलट, साधे प्रेमगीत किंवा रॅप गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत काढले तर ते त्या गजरात हरवून जाते.

ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचणे

पहिले ५०० श्रोते एकेक करून मिळवावे लागतात. प्रत्येक गाण्यासाठी एक छोटा कार्यक्रम करावा. साठ-सत्तर माणसांची जागा, १०० ते २०० रुपयांचे तिकीट, कलाकार गाण्यांमध्ये दोन शब्द बोलेल अशी बैठक. पुण्यातील सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागा, वाचनालयांची सभागृहे, शाळांचे हॉल यासाठी चांगले. उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असते, म्हणून तो साडेनऊला संपेल असाच आखावा. दाराशी एक वही ठेवून येणाऱ्यांची नावे आणि क्रमांक त्यांच्या संमतीने घ्यावेत. ही वही कोणत्याही समाजमाध्यमावरील अनुयायांच्या आकड्यापेक्षा मौल्यवान असते. दुसऱ्या गाण्याच्या वेळी त्यातील प्रत्येकाला स्वतः संदेश पाठवावा.

सामुदायिक नभोवाणीकडे बहुतेक लेबलांचे लक्षच जात नाही. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची विद्यावाणी यांसारखी केंद्रे स्थानिक कलाकारांना मनापासून वेळ देतात. त्यांना पाठवायच्या फाइलसोबत गाण्याची चार ओळींची माहिती द्यावी, ती निवेदकाला थेट वाचता येईल अशी. आकाशवाणीच्या स्वरपरीक्षेचा अर्जही कलाकाराकडून करून घ्यावा. परदेशातील मराठी मंडळींचा विचार दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यानंतर करावा. लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या जुन्या संस्था आणि उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशने नव्या कलाकारांनाही बोलावतात, पण त्यांना निदान तासभराचा कार्यक्रम भरेल एवढी गाणी हवी असतात.

हिशेब आणि निरोप

वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, प्रत्येक कलाकाराला एका पानाचा हिशेब द्यावा. कोणत्या सेवेतून किती आले, कोणत्या खर्चात किती वळते झाले, किती बाकी आहे आणि किती त्याच्या खात्यात जमा केले, एवढे त्यात असावे. रक्कम ८५ रुपये असली तरी हिशेब चुकवू नये. काही मिळाले नसेल, तर तसे लिहून पाठवावे. डिस्ट्रिब्युटरकडून आलेले मूळ तक्ते कलाकाराने मागितले तर त्याच दिवशी द्यावेत. मी पाहिलेली बहुतेक ताटातूट पैसे कमी मिळाल्यामुळे झालेली नाही, ती हिशेबच न मिळाल्यामुळे झाली आहे.

कधीतरी कलाकाराला मोठी कंपनी बोलावते. ते यश आहे असे मानून आनंदाने निरोप द्यावा, आणि त्याची रीतही करारात आधीच लिहिलेली असावी. मुदत बाकी असताना जायचे असेल तर राहिलेला खर्च फेडून हक्क परत नेता येतील, अशी अट आमच्या प्रत्येक करारात असते. मुदत संपल्यावर ध्वनिमुद्रण परत करताना अंतिम फाइल, वेगवेगळे ट्रॅक, मुखपृष्ठाची मूळ प्रत, वादकांची संमतिपत्रे आणि आयएसआरसी क्रमांकांची यादी असे सगळे एका डिस्कवर घालून द्यावे. क्रमांकांची यादी विसरू नये. कलाकाराने गाणे नव्या डिस्ट्रिब्युटरकडून त्याच क्रमांकाने, त्याच ध्वनिफितीसह आणि त्याच नावाने चढवले, तर आजवर ते ऐकले गेल्याचे आकडे बहुतेक सेवांवर त्याच्यासोबत जातात. आपल्याकडील गाणे मात्र त्याचे नवे गाणे सगळीकडे दिसू लागल्यावरच उतरवावे आणि मधले आठ-दहा दिवस दोन्ही राहू द्यावीत.